आलिशान एसयूव्ही आणि सह्याद्रीच्या वाटा : मोजक्या बदलांची सविस्तर माहिती

पुण्याच्या चहूबाजूंची जमीन एकसारखी नाही. पश्चिमेला मुळशी, ताम्हिणी, वेल्हे, भोर या पट्ट्यात बेसॉल्टचा काळा कातळ आहे आणि त्याच्या फुटलेल्या दगडांच्या कडा धारदार असतात. घाटमाथ्यावरची तांबडी माती पावसात साबणासारखी निसटते. पूर्वेला दौंड, इंदापूरकडे काळी माती लागते. ती पाणी पिऊन फुगते, चाकाला लपेटते आणि टायरच्या खाचा बुजवून टाकते. मधे पुरंदरच्या बाजूला मुरूम आणि सुटी खडी. गाडीत काय बदलायचं ते या जमिनीकडे बघून ठरवावं. वाळवंटात फिरणाऱ्या परदेशी गाड्या पाहून केलेली खरेदी इथे बऱ्याचदा नुसतं वजन वाढवते.

गाडीकडूनही विचार करायला हवा. आलिशान एसयूव्ही कारखान्यातूनच पुष्कळ तयारी घेऊन येतात. लँड रोव्हर डिफेंडर ११० एअर सस्पेन्शनवर (हवेच्या फुग्यांवर वर-खाली होणाऱ्या) पूर्ण उचलली की २९१ मिमी ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोट आणि जमीन यांतलं अंतर, देते, ९०० मिमी खोल पाण्यातून जाऊ शकते आणि पुढून ३८ अंशांच्या चढाला बंपर न घासता भिडते. पुण्याच्या आसपासच्या बहुतेक वाटांना एवढी ताकद लागतच नाही. तरीही याच वाटांवर या गाड्या अडकतात, कारण चाकावर कमी उंचीचा रस्त्याचा टायर असतो, पोटाखाली प्लास्टिकचं आवरण असतं आणि अडकल्यावर दोर कुठे लावायचा हे मालकाला माहीत नसतं.

म्हणून माझं ठाम मत आहे : जिथे गाडी जमिनीला टेकते किंवा टेकू शकते तिथेच बदल करा. उंची, सस्पेन्शन, इंजिन आणि वायरिंग यांना हात लावू नका. आणि प्रत्येक बदल असा असू द्या, की एका दिवसात पाना घेऊन तो काढता येईल आणि गाडी पूर्ववत होईल.

आधी कायदा आणि विमा

हे कंटाळवाणं वाटलं तरी खर्चाच्या आधी वाचावं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बुलबार आणि क्रॅश गार्डविरुद्ध कारवाई करावी, असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे. नियम बाजूला ठेवला तरी बुलबार या गाड्यांना घातकच. लोखंडी नळ्या रडार आणि कॅमेऱ्यासमोर येतात, एअरबॅगच्या सेन्सरपर्यंत धक्का पोचण्याची पद्धत बदलते आणि रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला त्या जास्त जबर लागतात.

विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. इंजिनात पाणी शिरून होणाऱ्या नुकसानासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्या, साध्या पॉलिसीत ते सहसा नसतं. शर्यत, वेगचाचणी आणि टिकाऊपणाची स्पर्धा या गोष्टी पॉलिसीतून वगळलेल्या असतात. एखाद्या कार्यक्रमात भाग घेण्यापूर्वी ते पान उघडून वाचा. वॉरंटीबद्दलही सर्व्हिस सेंटरला आधीच विचारा आणि उत्तर ई-मेलवर घ्या. तोंडी होकार पुढे कामाला येत नाही.

पायरी पहिली : गाडी खालून पाहा

गाडी रॅम्पवर चढवा आणि टॉर्च घेऊन पुढून मागे सावकाश पाहत जा. फोटो काढा. सर्वांत खालचा भाग कोणता, कुठे प्लास्टिक आहे आणि कुठे धातू, एक्झॉस्ट कुठून जातो, डिझेल गाडीत ॲडब्लूची (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची) टाकी कुठे आहे, एअर सस्पेन्शनच्या नळ्या आणि कंप्रेसर कुठे बसवलेत, हे सगळं टिपून ठेवा. पुढचा प्रत्येक निर्णय या फोटोंवरून घ्यायचा आहे.

मग हँडबुक उघडा. एकूण भार किती चालतो, छतावर किती किलो, पाण्याची खोली किती आणि ओढण्यासाठी कोणती जागा दिली आहे, हे आकडे एका कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. गाडीला लो रेंज, म्हणजे कमी वेगात चाकांना जास्त ताकद देणारा गिअर, आहे का, हेही नक्की करा. डिफेंडर आणि लँड क्रूझर ३०० ला आहे, बीएमडब्ल्यू एक्स५ आणि ऑडी क्यू७ ला नाही. लो रेंज नसेल तर मुरूम, पाणंद आणि हलका चिखल एवढीच मर्यादा ठेवा. मोठे दगड आणि सरळ चढ त्या गाड्यांसाठी नाहीत, आणि कुठलाही सुटा भाग लावून ही उणीव भरून निघत नाही.

पायरी दुसरी : टायर आणि रिम

बजेट एकाच कामापुरतं असेल तर सगळं इथे घाला. शोरूममधून येणारे २१ किंवा २२ इंची अलॉय दिसायला देखणे असतात, पण टायरची उंची कमी असल्यामुळे रिम आणि दगड यांच्यामध्ये रबर फार थोडं उरतं.

डिफेंडरचं उदाहरण घ्या, कारण त्यात हिशेब स्वच्छ दिसतो. २५५/६० आर २०, २५५/६५ आर १९ आणि २५५/७० आर १८ या तिन्ही मापांत चाकाचा एकूण व्यास जवळजवळ ८१४ मिमीच राहतो. म्हणजे स्पीडोमीटर, गिअरचं गणित आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागीच फिरणं रोखणारी यंत्रणा) यांना फरक कळत नाही. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, मात्र १५३ मिमीवरून १७८ मिमीवर जाते. हे अडीच सेंटिमीटर रबर धारदार कातळावर तुमच्या रिमला वाचवतं. तुमच्या गाडीसाठीही असाच मार्ग शोधा : उत्पादकाने त्याच मॉडेलला दिलेल्या मापांतलं सर्वांत लहान रिम घ्या आणि व्यास तोच राखा.

लहान रिम घेण्याआधी ब्रेक कॅलिपर त्यात मावतो का ते पाहायलाच हवं. एकाच मॉडेलच्या ताकदवान इंजिनाच्या गाडीला मोठे ब्रेक असतात आणि तिथे १८ इंची रिम बसत नाही. बोल्टचं वर्तुळ, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) आणि हबचं मधलं भोक मूळ रिमइतकंच असावं. स्पेसर, म्हणजे चाकामागच्या चकत्या, लावून चाकं बाहेर काढू नका. बेअरिंगवर भार येतो आणि चिखल थेट दारांवर उडतो.

आता टायरचा प्रकार. आपल्या भागासाठी एटी म्हणजे ऑल टेरेन टायर पुरेसा आहे. एमटी म्हणजे मड टेरेन टायर काळ्या चिखलात नक्की सरस ठरतो, पण तो महामार्गावर घोंघावतो, ओल्या डांबरावर ब्रेक लावताना जास्त अंतर घेतो आणि गाडीची सगळी शांतता घालवतो. आठवड्याचे सहा दिवस बाणेर ते खराडी फिरणाऱ्या गाडीला तो लावणं मला पटत नाही.

टायर निवडताना लोड इंडेक्स पाहायला विसरू नका. ११० म्हणजे एका टायरवर १,०६० किलो, ११२ म्हणजे १,१२० आणि ११६ म्हणजे १,२५० किलो. या गाड्या मुळातच सव्वादोन-अडीच टनांच्या असतात. मूळ टायरपेक्षा कमी आकडा कधीच घेऊ नका. वेगाचं अक्षरही हँडबुकने सांगितलेल्या मर्यादेच्या खाली नको. साइडवॉलवर आयएसआय चिन्ह आहे का पाहा आणि आधी त्या मापाचा टायर आपल्याकडे मिळतो का ते विचारा, मग रिम घ्या. लोक उलट क्रमाने जातात आणि रिम घरात पडून राहतात.

पाचवं चाकही त्याच मापाचं हवं. बऱ्याच आलिशान गाड्यांत बारीक स्टेपनी किंवा नुसतं पंक्चर किट असतं. कातळाने फाडलेली साइडवॉल किटने बुजत नाही. पूर्ण मापाचं चाक डिकीत आडवं, पट्ट्याने घट्ट बांधून ठेवा. रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे टायर असतील तर ते आधी बदला. त्यांची साइडवॉल इतकी ताठ असते, की हवा कमी केली तरी टायर पसरत नाही.

चाकं बसल्यावर नट टॉर्क पान्याने हँडबुकच्या आकड्याला आवळा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. टायरच्या हवेचे सेन्सर नव्या रिममध्ये बसवून गाडीला ओळखायला लावा.

पायरी तिसरी : पोट सांभाळणं

पोटाखालचं प्लास्टिक हवा आणि आवाज अडवण्यासाठी असतं. दगडाच्या एका घावात ते फाटतं आणि लोंबायला लागतं. त्याच्या जागी धातूची पट्टी लावायची ती तीन ठिकाणी : इंजिनाखाली, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसखाली (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीखाली), आणि इंधनाच्या व ॲडब्लूच्या टाकीखाली. एवढं पुरे. सगळं पोट झाकलं तर उष्णता कोंडते आणि चिखल आत साठतो.

धातू कोणता? ३ मिमी पोलादाचं वजन एका चौरस मीटरला साडेतेवीस किलोच्या आसपास भरतं, ६ मिमी ॲल्युमिनियमचं सोळा किलोच्या थोडं वर. ॲल्युमिनियम हलकं असतं, पण खरबरीत कातळावर ते खरवडतं आणि अडकतं. पोलाद घसरून पुढे निघतं. इंजिनाखाली पोलाद आणि मागे ॲल्युमिनियम, अशी जोडी मला आपल्या जमिनीसाठी योग्य वाटते.

उत्पादकाची तयार पट्टी मिळत असेल तर तीच घ्या. नसेल तर भोसरी किंवा चाकणच्या एमआयडीसीत लेझर कटिंग आणि बेंडिंग करणारे चांगले फॅब्रिकेटर आहेत. त्यांना तुमचे फोटो आणि पुठ्ठ्यावर कापलेलं माप द्या. तीन अटी आधीच सांगा. गाडीच्या असलेल्या बोल्टच्या जागाच वापरायच्या, बॉडीला वेल्डिंग किंवा नवीन भोक नाही. ऑइल सोडायच्या नटासमोर खिडकी ठेवायची. पाणी आणि चिखल निघून जाण्यासाठी भोकं आणि बोल्टखाली रबरी बुश द्यायचे. मोनोकॉक, म्हणजे सांगाडा आणि बॉडी एकच असलेल्या, बॉडीवर वेल्डिंग केलं तर धातूची ताकद आणि गंजरोधक थर दोन्ही जातात, शिवाय वेल्डिंगचा प्रवाह इलेक्ट्रॉनिक्सला बाधतो.

पायदान आपोआप बाहेर येणारं असेल तर मेन्यूतून ते बंद करा. चाकोरीत दार उघडलं की ते थेट दगडावर आपटतं.

पायरी चौथी : ओढण्याची जागा

या विषयाबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण इथे चूक झाली तर माणूस जातो. बंपरमध्ये आटे फिरवून बसवायचा जो हुक गाडीबरोबर येतो, तो बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर हळू ओढण्यासाठी असतो. चिखलात रुतलेली अडीच टनांची गाडी झटक्याने खेचताना तो निसटू किंवा तुटू शकतो. मागचा टो-बॉल तर दोर लावायला कधीच वापरू नका. तुटलेला बॉल गोळीसारखा सुटतो.

चॅसिसला जोडलेली, वजनाचा आकडा कोरलेली ओढण्याची जागा पुढे आणि मागे असायला हवी. ती उत्पादकाकडून किंवा तुमच्या मॉडेलसाठीच बनवणाऱ्याकडून घ्या, स्थानिक वेल्डिंगची नको. बाकी सामान असं : १९ मिमीचे दोन शॅकल (दोर अडकवायची लोखंडी कडी), ज्यांवर ४.७५ टन कोरलेलं असतं, किंवा दोराचे सॉफ्ट शॅकल, ताणला जाणारा कायनेटिक दोर, रुंद पट्टा, ट्रॅक्शन बोर्डची (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्यांची) जोडी, फावडं, जाड हातमोजे. गाडीचं भरलेलं वजन तीन टन असेल तर दोराची तुटण्याची क्षमता आठ-नऊ टनांच्या आसपास असावी.

फसल्यावरचा क्रम घरीच सर्वांना सांगून ठेवा. आधी एक्सिलरेटर सोडा, कारण चाक जेवढं फिरेल तेवढं खड्डा खणेल. मग हवा कमी करा. मग फावड्याने चाकापुढची माती आणि पोटाखालचा ढीग काढा. मग बोर्ड लावा. दोराचा नंबर या सगळ्यानंतर. दोर ताणलेला असताना बाकी सगळ्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर उभं राहायचं, दोरावर जाडजूड पोतं किंवा जॅकेट टाकायचं आणि इशारे एकाच माणसाने करायचे. गावकरी मदतीला धावून येतात, मनापासून येतात, आणि दोराला हात लावून ढकलायला लागतात. त्यांना हात जोडून बाजूला उभं करा. त्यांच्या जिवाची जबाबदारी तुमची आहे.

पायरी पाचवी : हवा आणि वीज

अचूक गेज, हवा सोडायचं साधन आणि दमदार १२ व्होल्ट कंप्रेसर घ्या. मोठा कंप्रेसर सिगारेट सॉकेटचा फ्यूज उडवतो, म्हणून त्याच्या क्लिप थेट बॅटरीला लावायच्या असतात. मात्र या गाड्यांत बॅटरी बहुधा सीटखाली किंवा डिकीत असते आणि तिच्या ऋण टोकावर सेन्सर असतो. हँडबुकने दाखवलेलं बॉनेटखालचं धन टोक आणि बॉडीचा अर्थिंगचा बोल्ट वापरा.

रस्त्यावर दाराच्या खांबावरच्या पट्टीत लिहिलेली हवा ठेवा. मुरूम आणि खडीवर २८ पीएसआयच्या आसपास, चिखलात २२ ते २४. वाळूसाठी लोक १६ ते १८ वर जातात, पण सह्याद्रीत मी तिथपर्यंत जायला सांगणार नाही. हवा फार कमी केली की साइडवॉल बाहेर फुगते आणि धारदार दगडाला तिथेच वाव मिळतो. कमी हवेवर वेग ३० ते ४० किमीच्या आत ठेवा, वळण झटक्यात घेऊ नका आणि डांबराला लागताच हवा भरा. मऊ टायरवर महामार्गाचा वेग धरला तर टायर तापून फुटू शकतो.

जॅक लावण्यापूर्वी एअर सस्पेन्शनचा चाक बदलण्याचा मोड सुरू करा, नाहीतर गाडी स्वतःच उंची जुळवायला जाते. जॅकखाली फूटभर रुंद जाड फळी हवी.

जे लावू नका

एअर सस्पेन्शनच्या उंचीच्या सेन्सरची काडी बदलून गाडी दोन इंच उचलून देणारे लोक भेटतात. सेन्सरला फसवलेली गाडी कायम ताणलेल्या अवस्थेत चालते. ॲक्सलच्या सांध्यांचा कोन वाढतो, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात आणि ड्रायव्हरला मदत करणारा कॅमेरा चुकीचं अंतर मोजतो. शिवाय सस्पेन्शन आधीच वर ताणलेलं असल्यामुळे खड्ड्यात चाक खाली सोडायला जागा उरत नाही आणि ते हवेत लटकतं. मूळ ऑफ-रोड उंचीही म्हणूनच गरजेपुरतीच वापरावी.

छतावरची लाइट बार रस्त्यावर चालत नाही. स्नॉर्कलची, म्हणजे इंजिनासाठी उंचावरून हवा घेणाऱ्या नळीची, आपल्याकडे क्वचितच गरज पडते. वाहत्या पाण्याची खोली काठीने मोजून मागे फिरणं जास्त शहाणपणाचं. छतावर तंबू किंवा जेरीकॅन चढवायचे असतील तर हँडबुकमधला चालत्या गाडीचा भार पाहा आणि खडबडीत वाटेवर त्याहून बराच कमी ठेवा. उंचावरचं वजन तिरक्या चाकोरीत गाडी कलंडवतं.

पायरी सहावी : चाचणी

बदल झाल्यावर पहिल्यांदाच राजमाचीच्या वाटेला लागू नका. आधी महामार्गावर शंभरेक किलोमीटर चालवून कंप, आवाज आणि डॅशबोर्डवरचे इशारे पाहा. मग सासवडच्या बाजूच्या कोरड्या मुरमाच्या रस्त्यावर लो रेंज, हिल डिसेंट (उतारावर आपोआप वेग आवरणारी यंत्रणा) आणि हवेचे वेगवेगळे आकडे वापरून बघा. मग पावसानंतरची पाणंद, परवानगी घेऊन. शिवारातला पाणंद रस्ता शेतकऱ्याच्या रोजच्या वापराचा असतो आणि तुमच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोरीत नंतर त्याची बैलगाडी आणि ट्रॅक्टर अडकतात. लोणावळा ते उधेवाडी हा राजमाचीचा रस्ता त्यानंतर, सोबत दुसरी गाडी असेल तरच. वेताळ टेकडी, तळजाई, धरणांचं उघडं पडलेलं पात्र, वनखात्याच्या बंद वाटा इथे गाडी घालायचीच नाही.

चिखलात ट्रॅक्शन कंट्रोलला काम करू द्या, पण ईएसपी, म्हणजे गाडीची घसरण सावरणारी यंत्रणा, हँडबुकमध्ये सांगितल्याप्रमाणे सैल करा, नाहीतर ते ऐन वेळी ताकद कापतं. ऑटो स्टॉप-स्टार्ट बंद ठेवा. उतारावर पाय ब्रेकवर न ठेवता हिल डिसेंट कंट्रोलला उतरू द्या.

दिवाळीनंतर माळरानावरचं गवत वाळतं, तेव्हा एक वेगळा धोका असतो. डिझेल गाडीचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, स्वतःला साफ करताना आतलं तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या वर जातं. पोटाखाली, विशेषतः नव्या पट्टीच्या वर, गवत अडकलं असेल तर ते पेट घेऊ शकतं. उंच वाळलेल्या गवतात गाडी उभी करू नका, थांबल्यावर वाकून पाहा आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा.

परतल्यावर

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी खालून धुवा. रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल चाकाचा तोल बिघडवतो आणि लोक उगाच अलाइनमेंट करत बसतात. एअर सस्पेन्शनच्या फुग्यांच्या घड्यांतली माती साध्या पाण्याच्या धारेने काढा, जेटचा जोर थेट त्यांच्यावर नको. उंचीच्या सेन्सरच्या काड्या, रेडिएटर आणि कॅमेरे पुसून घ्या. खोल पाण्यातून गेला असाल तर डिफरन्शियलचं ऑइल तपासायला सांगा. ते दुधासारखं पांढुरकं दिसलं तर आत पाणी गेलं आहे आणि लगेच बदलायला हवं. टायरच्या दोन्ही साइडवॉलवर हात फिरवून चिरा आणि फुगवटे शोधा, आतली बाजू लोक विसरतात. शेवटी पोटाच्या पट्टीचे आणि ओढण्याच्या जागेचे सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा आणि प्रत्येकावर रंगाची रेघ मारा, म्हणजे पुढच्या वेळी कोणता सैल झालाय ते नुसतं बघून कळेल.